रेडिएशन शिकलेला मामेभाऊ

माझ्या मामेभावाइतका खोटं बोलायला नालायक माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. खोटं बोलू नये असं त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. उलट, चारचौघांत वावरण्यापुरतं तरी यावं म्हणून घरच्यांनी पुष्कळ खटपट केली, पण ते त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. भिसेगावला माझ्या सासरी पूजेचं जेवण होतं. सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "काय रे बाळा, आवडलं का जेवण?" त्यानं घास गिळला, नीट विचार केला आणि सांगितलं, "भाजी खारट हाय. पण भूक असली की जाते." मी नवी नवरी, खाली मान घालून बसले होते, ती आणखी खाली घातली. पुढं मामाच्या लोधिवलीच्या जमिनीतला एक तुकडा बघायला मुंबईचं गिऱ्हाईक आलं. त्यांना फार्महाऊस बांधायचं होतं. त्यांनी विचारलं, पावसाळ्यात पाणी साचतं का? मामा "छे छे" म्हणेपर्यंत हा म्हणाला, "गुडघाभर. आमची म्हैस तिथंच बसते." गिऱ्हाईक गाडीत बसलं ते परत आलं नाही. तेव्हापासून कुणी जमीन बघायला येणार असलं की मामा याला काहीतरी आणायला खालापूरला पिटाळायचा.

असा मुलगा बारावीनंतर रेडिएशन थेरपीची पदवी घ्यायला गेला. कॅन्सरच्या गाठीवर मशीनमधून किरण सोडतात. ते गाठीवरच पडावेत, आजूबाजूला जाऊ नयेत, म्हणून पेशंटला कसं निजवायचं, अंगावर खुणा कुठं करायच्या, मशीन कसं लावायचं, हे सगळं तिथं शिकवतात. गावाला एवढंच कळलं की पोरगा एक्स-रेवाला होणार. शेजारच्या काकू तर तो सुट्टीवर आला की वाळत घातलेले पापड आत न्यायच्या. याच्या अंगाचे किरण लागतील म्हणून. ते कळल्यावर तो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि मशीन बंद केलं की किरण संपतात, कपड्यांना चिकटून घरी येत नाहीत, हे त्यांना मुळापासून समजावू लागला. ऐकता ऐकता काकूंना डुलकी लागली आणि तेवढ्यात पापड कावळ्यांनी नेले. काकूंनी तो दोष किरणांनाच दिला.

शिकलेलं हातात बसावं म्हणून तो घरच्यांना पेशंट करायचा. एका रविवारी भरल्या पोटी माझ्या नवऱ्याला त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर उताणं निजवलं, गुडघ्याखाली उशी दिली आणि पोटावर मार्करनं फुल्या मारल्या. "भाऊजी, श्वास घ्या, पण हलू नका." भाऊजी घोरायला लागले. मी उठवायला गेले तर मला हातानं थांबवून म्हणाला, "राहू दे, ताई. इतका न हलणारा पेशंट मिळत नाय." त्या फुल्या आठवडाभर निघाल्या नाहीत.

हसण्यावारी न्यायचे दिवस तेवढेच. हॉस्पिटलातल्या कामाला सुरुवात झाली तसा तो गप्प होऊ लागला. एकदा सांगत होता, पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी मशीनखाली निजल्या निजल्या त्याला विचारलं, "पोरा, मी बरा होईन ना?" दुसरा कुणी "होणार की" म्हणून मोकळा झाला असता. हा तिथंच उभा राहून विचार करत बसला आणि त्याचा चेहरा बघून बाबा घाबरले. त्याच्या मॅडमनी त्याला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "त्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं. तू त्यांना नीट निजव आणि भिऊ नका म्हण." यानं विचारलं, "आणि भिण्यासारखंच असलं तर?" मॅडम म्हणाल्या, "तर जवळ थांब."

त्याच्या इंटर्नशिपच्या वर्षी माझी आई आजारी पडली. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच राहत होती. पूर्वी तिला छातीचा कॅन्सर होऊन गेला होता, तो आता पाठीच्या मणक्यांत उतरला. तिला आडवं पडवत नव्हतं, बसवत नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रेडिएशननं दुखणं कमी होईल, आजार जाणार नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं, थोडे दिवस शेक घ्यायचा, मग तू ठणठणीत होशील. नवऱ्यानं तेच सांगितलं, मामानंही तेच सांगितलं. उपचार मामेभावाच्याच हॉस्पिटलात होता. तो रोज तिला मशीनखाली निजवायचा, पोटावरच्या आणि कुशीवरच्या खुणा बघायचा, "आत्या, आता मी बाहेर जातो, पण माझं लक्ष हाय" म्हणायचा. त्या खुणा पुसू नयेत म्हणून आई अंघोळ करतानाही जपायची.

उपचार संपत आले तेव्हा, मी औषधं आणायला गेले असताना, आईनं त्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, आपण डॉक्टरांना विचारू. मी बाजूला बसतो." आई म्हणाली, "डॉक्टर तुझ्या ताईच्या तोंडाकडं बघून बोलतात. म्हणून तुला विचारते. मी बरी होणार हाय का?" आणि यानं सांगितलं, "दुखणं कमी होईल, आत्या. आजार जाणार नाय."

हे त्यानंच बाहेर येऊन मला सांगितलं. मी त्याला नको नको ते बोलले. घरी येईपर्यंत आई गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. कर्जत जवळ आलं तशी म्हणाली, "त्याला बोलू नको. मी विचारलं म्हणून बोलला. मला लोधिवलीला नेऊन सोड. बरी झाल्यावर नको, आताच."

पाठीचं दुखणं हळूहळू खरंच उतरलं. आई माहेरी मामाच्या अंगणात खुर्ची टाकून बसू लागली, भात झोडणाऱ्या बायकांना सूचना देऊ लागली. मी शिकवते ती शाळा सुटली की मी तिच्याकडं जायची. आमच्या घरातलं कुजबुजणं थांबलं होतं. आपला जपून ठेवलेला कुंकवाचा करंडा कुणाला द्यायचा, कोणत्या साडीत न्यायचं, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची, आणि सुरुवातीला उठून जाणारी मी पुढं बसून ऐकायला शिकले. थंडीत शेतावर पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भरून ते जाळात भाजायचं. मडक्यात भांबुर्डीचा पाला कसा दाबायचा, वालाच्या शेंगा कुठवर भरायच्या, मडकं कसं पालथं घालायचं, सगळं आईनं खुर्चीतून सांगितलं. पहिलं वाढप मामेभावाला दिलं आणि विचारलं, "कशी झाली रं?"

"शेंगा जरा कच्च्या हायत, आत्या."

आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

ती चैत्रात गेली, तिथंच, मामाच्या घरी. शेवटच्या दिवसांत तिला पुन्हा फार दुखलं, पण औषधानं झोप लागायची. वर्षश्राद्धाला सगळे लोधिवलीला जमलो. मामेभावाला पदवी मिळाली होती, नोकरीही लागली होती. मी आणि तो पडवीत बसलो होतो. इतके दिवस जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं. "तू सांगितलंस तेव्हा ती काय म्हणाली?"

त्यानं नेहमीसारखा आधी विचार केला. "माझा हात धरून रडली. बराच वेळ."

"मला कधी बोलली नाही."

"तुला सांगू नको म्हणाली. मी म्हटलं, आपणहून सांगणार नाय, पण ताईनं विचारलं तर लपवता येणार नाय. तर म्हणाली, ती विचारील तवा मी नसंन. तवा सांग."

"अजून काही?"

"म्हणाली, सांगशील तवा तिला एकटीला सोडून उठू नको."

मला पुढचं काही दिसेना. आतून मामीनं पानं वाढल्याची हाक मारली, मग पुन्हा मारली. अंगणात बसलेले सगळे उठून आत गेले. तो माझ्या शेजारी तसाच बसून राहिला.