वामनभाऊंचं हेल्मेट

कुरखेड्याकडच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं, इथे नुसता मलेरिया सापडेल. किस्से त्याहून जास्त सापडले, आणि त्यांच्यावर गोळी नव्हती.

*

वामनभाऊ आमचे मलेरिया सुपरवायझर. फटफटीवर गावोगाव फिरून तापकऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या आणायचे. सरकारनं दिलेल्या हेल्मेटमध्ये कापूस भरून त्यात पट्ट्या ठेवायचे आणि हेल्मेट हँडलला अडकवायचे.

"भाऊ, ते डोक्यात घालायचं असतं."

"पोरी, पट्टी फुटली तं पेशंट हातचा जाते. डोस्कं फुटलं तं टाके पडतेत."

*

आमचे कंपाउंडर गणपतभाऊ म्हणायचे, "हेल्मेट घातलं का वाघ आयकू येत नाई."

"फटफटीच्या आवाजात कोणता वाघ ऐकू येतो?"

"म्हणून तं उतारावर इंजिन बंद करतो."

या वडीलधाऱ्यांशी वाद घालायला कॉलेजचं शिक्षण पुरत नाही.

*

एकदा पुलाजवळ सायकलवाल्याला चुकवताना वामनभाऊ पडले. पट्ट्या साऱ्या शाबूत. भाऊंच्या डोक्याला अकरा टाके.

दर पाच मिनिटांनी विचारायचे, "पट्ट्या फुटल्या काय?" मी नाही म्हणायचे. ते "बरं" म्हणायचे आणि पुन्हा विचारायचे. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले. मग आत येऊन भांडले.

त्यानंतर पट्ट्या पत्र्याच्या डब्यात गेल्या आणि हेल्मेट डोक्यावर आलं. मी जिंकले, असं मला वाटलं.

*

थंडीत जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, तापाची साथ आली. मायक्रोस्कोप घेऊन मलाच जायचं होतं, भाऊंच्या मागे बसून. हेल्मेट एकच. भाऊंनी ते काढून माझ्या डोक्यावर बसवलं.

मी खाली उतरले. "तुमचं डोकं आधीच शिवलेलं आहे. तुम्ही घाला, नाहीतर मी येत नाही."

"चालवणाऱ्याले पडाच्या आधी समजते. मांगच्याले समजत नाई. बस."

टोल्यावर पोरं तापानं फणफणत होती. बसले.

नाल्याच्या वळणावर रानडुक्कर आडवं आलं. माझं डोकं दगडावर आपटलं. हेल्मेटला कानाच्या वर बोटभर भेग पडली. भाऊ दूर मातीत पडले होते. कपाळ रक्तानं भिजलेलं, एक खांदा निखळलेला.

ते बसल्या बसल्या सरकत माझ्यापर्यंत आले. चांगल्या हाताच्या बोटांनी त्यांनी हेल्मेटवर टकटक केली.

"आत कोनी हाय काय?"