अंजनाबाईंची करंगळी

माझ्या सासूबाई अंजनाबाई वेसाव्याच्या. विधवा झाल्यावर अंधेरीच्या बाजारात मासे विकून त्यांनी तीन मुलं वाढवली. जीभ कोयत्याहून धारदार आणि छाती इतकी भरदार, की शेजारच्या कोळणी चिडवायच्या, "अंजने, आधी तुजी छाती येते, मग टोपली, मग तू!" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसायच्या.

१९७२ साली त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. एकदा सुरमई कापताना बोट कापलं, ते रक्त दिसल्यावर कळलं. जो तो म्हणे, माशांवरच्या बर्फानं हात गारठला. त्यांनी बर्फ सोडला, रोज गरम तेल चोळलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी बाजारातली जागा जावेला द्यायची बोलणी सुरू झाली. कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई घरात गप्प बसून राहायला लागली. मला ते बघवेना.

मी त्यांना ओढतच एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आधीच्या दोन डॉक्टरांना त्यांनी पदराआडून हात तेवढा दाखवला होता. या बाईंनी सरळ ब्लाउज काढायला लावला. आतल्या बॉडीच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट मावेल एवढे चर पडले होते.

"बर्फाचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीचं सगळं ओझं या बारीक पट्ट्यांवर लटकतंय. हाताच्या नसा इथूनच खाली जातात, त्या दबल्यात."

जन्मभर घट्ट चोळी घालणाऱ्या आईंना ती बॉडी आदल्या दिवाळीला मीच दुकानातून आणली होती. केवढी हौस मला!

आमच्या कुंदा शिंपिणीनं दोन बोटं रुंद पट्ट्यांच्या, खालून घट्ट आधार देणाऱ्या बॉड्या शिवल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला खांद्यांचा व्यायाम आई पुटपुटत का होईना, करायच्या. तीन महिन्यांत बोटं ताळ्यावर आली आणि आई बाजारात जाऊन बसल्या. त्या दोघींचे उपकार मी कधी विसरणार नाही.

एका दुपारी त्यांच्या शेजारी बसून मी धीर करून विचारलं, "आई, ती बॉडी रुतत होती, तर बोललात का नाही?"

त्यांनी हातातलं पापलेट खाली ठेवलं.

"जन्मात पैल्यांदा कोनीतरी दुकानातून माज्यासाठी कायतरी आनलं होतं गो. काढवलंच नाय."