परवाचं पाणी

"गप्प बठा! कोनी श्वास बी घेवाना नही!"

गोविंदनाना आमच्या स्वयंपाकघरात ओणवे होऊन ओरडत होते. हातातल्या लोखंडी सळईचं एक टोक भिंतीला टेकवलेलं, दुसरं कानाला. आईनं स्टोव्ह विझवला. बाबांनी घास घशातच थांबवला. आणि खोटं कशाला सांगू, पिंप्राळा फाटकाजवळ शिट्टी द्यायला निघालेली मालगाडीही त्या क्षणी विचारात पडली. शांतता हवी म्हणून नाना जेवढे ओरडत, तेवढं उभ्या जळगावात कोणी भांडणातही ओरडत नसे.

नाना पालिकेत वॉलमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे काम त्यांच्याकडे. पण त्यांचं नाव झालं ते गळत्या शोधण्यात. गावातल्या सगळ्या लाइनींचा नकाशा त्यांनी स्वतः एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून ठेवला होता आणि तो ते देवाच्या तसबिरीमागे जपत. पाचोऱ्याहून, जामनेरहून त्यांना बोलावणी येत. एसटीतून उतरले की पाय धुवायच्या आधी सळई जमिनीला लागायची. एकदा आमच्या ओट्यावरच्या नळाला सळई लावून त्यांनी सांगितलं, तिसऱ्या गल्लीत कोणीतरी वांगी धुतंय, आणि तीही भरताची. मी तेव्हा बँकेत नुकताच लागलो होतो, म्हणजे कशावरही विश्वास ठेवायचा नाही अशा वयात होतो. जाऊन पाहिलं. भरताचीच होती. दोन किडकी निघाली, ती तेवढी नानांनी सांगितली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "किडेलं वांगं बोलत नही, भाऊ."

तर अशा माणसाला आमच्या भिंतीनं घाम फोडला.

दिवस वैशाखाचे. उन्हात ठेवलेल्या चपला दुपारी घालायला गेलं तर त्या पायातून उडी मारून सावलीत जात, असं ऊन. पाणी एक दिवसाआड. आणि या कोरड्या ठणठणीत दिवसांत आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत खालून हातभर ओली व्हायची. तीही फक्त नळ आले त्या दिवशी, नळ आल्यावर अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवशी वाळायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा ओली. त्याच भिंतीला गव्हाची कोठी. वर्षाचे गहू एरंडेल चोळून गच्चीवर वाळत पडलेले, आणि आई रोज विचारायची, "नाना, गहू भरू का?" नाना म्हणायचे, "वहिनी, अजून दोन दिन."

त्या भिंतीपलीकडे नानांचंच परसू होतं. त्यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून उभं. त्यामुळे गळती शोधायला त्यांना लांब जावं लागत नव्हतं, हीच त्यांची जास्त पंचाईत. त्यात महिनाअखेरीला नाना निवृत्त होणार होते. गल्लीनं मारुतीच्या पारावर सत्काराचं ठरवलं होतं, शाल आणून ठेवली होती. नानांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "एक बी गळती मांगे ठेईसन जावाव नही मी. ही सापडत नही तवलोंग शाल नही, नारळ नही."

मग सुरू झाला शोध. नानांनी आमचा नळ मुळापासून बंद केला. भिंत ओली. डावीकडच्यांचा बंद केला, उजवीकडच्यांचा बंद केला. भिंत ओली, आणि दोन्हीकडचे आमच्याशी बोलेनात. स्वतःच्या घरची लाइन त्यांनी स्वतःच टाकलेली, तिच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी त्यांनी गल्ली खणली. एवढा खोल खड्डा केला की आत उतरलेल्या मजुराला जेवणाचा डबा दोरीनं सोडावा लागला आणि वर आल्यावर त्यानं आधी विचारलं, कोणतं गाव आलं. मोठी लाइन उघडी पडली. पाइप वरून असा कोरडा की त्यावर पापड वाळले असते. किंबहुना एका बाईनं टाकलेच.

एके दिवशी पाणी सोडून परतलेल्या नानांनी भिंतीतून झिरपणारं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि पुन्हा एकदा चाखलं.

"हे आजनं पानी नही," ते म्हणाले. "हे परवानं शे."

बाबा हसले. म्हणाले, नाना, पाइप फुटला तर आजचं पाणी गळेल, परवाचं कसं गळेल? त्याला काय तारीख लागते? त्या दिवसापासून नानांचं जेवण कमी झालं. स्वतःची जीभ खरी की स्वतःचा पाइप खरा, याचा निकाल त्यांना लावता येईना. गल्लीत लोक कुजबुजू लागले की नानांचा कान गेला, आता जीभही चालली. नानांना ते ऐकू गेलं, म्हणजे कान काही गेला नव्हता. पण त्यांनी सळई खांद्यावरून काढून काखेत धरायला सुरुवात केली, चोरून आणल्यासारखी. ते पाहवत नव्हतं.

निवृत्तीचा दिवस आला आणि गेला. शाल घडीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीचे नळ यायचे होते. इथं एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीच्या सगळ्या वर्षांत नळ आले तेव्हा नाना कधी घरी नव्हतेच. साऱ्या गावाला पाणी सोडणारा माणूस घरात पाणी येताना असणार कसा? तो त्या वेळी टाकीजवळ चाव्या फिरवत असणार. त्या सकाळी मात्र त्यांच्या जागी दुसराच माणूस गेला होता आणि नाना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या परसात, हातात चहा घेऊन, नळाची वाट पाहत बसले होते.

नळ आला. आणि त्यांच्या मंडळी, गल्लीच्या अक्का, कामाला लागल्या. आमच्याकडे सगळ्याच घरांत रीत होती की ताजं पाणी आलं की भरून ठेवलेलं पाणी शिळं झालं. ते टाकायचं, भांडी घासायची आणि नवीन भरायचं. दोन दिवस ज्या पाण्यासाठी जीव टाकला, ते नळाच्या पहिल्या धारेसरशी अस्पृश्य. अक्कांनी रांजण कलता केला, हंडा उचलला, दोन बादल्या घेतल्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात एका भोकात ओतायला लागल्या. ते घुशीचं बीळ होतं. घूस बुडून मरावी म्हणून त्या महिनाभर परवाचं पाणी त्यात ओतत होत्या.

नानांचा चहा थंड झाला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आईनं हाक मारली, "नाना, भिंत ओली झाली हो."

त्या घुशीनं नानांच्या परसातून आमच्या कोठीखालपर्यंत अशी सरळ, उतार धरून लाइन टाकली होती की नाना स्वतः तासभर पालथे पडून तिच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, खात्यात अशी माणसं मिळाली असती तर गावाला रोज पाणी दिलं असतं. मग त्यांनी तसबिरीमागचा नकाशा काढला, लाल पेन्सिलीनं ती लाइन त्यात नीट आखली, आणि नंतरच बीळ काचा आणि सिमेंट घालून बुजवलं. आईचे गहू त्याच आठवड्यात कोठीत गेले.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सळई त्यांनी मला दिली. मी ती अनेकदा भिंतीला लावून पाहिली. मला फक्त शेजाऱ्यांचा रेडिओ ऐकू येतो. पण कुठं न समजणारं काही दिसलं की मी आधी कान नाही, जीभ लावतो, आणि ती सांगेल ते वेडेपणाचं वाटलं तरी ऐकून घेतो. नानांची जीभ शेवटपर्यंत खरीच बोलत होती.

राहिलेला सत्कार मात्र तेव्हाच, भिंत वाळल्यावर झाला. पारावर गल्ली लोटली होती. नानांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषणात सगळी हकीकत सांगितली, घुशीच्या नावानं टाळ्याही वाजवायला लावल्या. मग बायकांमध्ये बसलेल्या अक्कांकडे वळून त्यांनी जाहीर विचारलं, की महिनाभर मी गाव खणत होतो, भिंतीभिंतीला कान लावत होतो, तू एका शब्दानं का सांगितलं नाहीस?

अक्का पेढ्यांचं ताट फिरवत होत्या. ताट खाली न ठेवता म्हणाल्या,

"आख्खा गावन्या भिंतीसले इचारं तुम्ही. माले नही इचारं."