वस्तीच्या रस्त्यावर प्रवासी एक

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून तर माझी बिडीसुद्धा लपत नाही.

तसे माझे घोटाळे सगळ्या पांढरकवड्याला पाठ आहेत. भलत्याच लग्नात आहेर देऊन जेवून आलो, तेही मीच चौकात सांगितलं. पण हा एक — हा घोटाळा की पाप, हेच मला अजून उमगलेलं नाही.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. मी एका शेठकडे कारकून होतो. शेठनं गावात फिरवायला मिनीबस घेतली. हायवेच्या नाक्यापासून दवाखान्यापर्यंत रस्ते दोन — एक बाजारातून, दुसरा नाल्यापलीकडच्या वस्तीतून. शेठ म्हणाला, "दोन्हीकडे चार-चार सकाळी उभा राह्य, माणसं मोज. जिकडं जास्त, तिकडून गाडी."

माझं घर बाजाराच्या रस्त्यावर. बायको रोज टोचायची, "गाडीवाल्याचे कारकून, अन् भाजीची थैली घेऊन पायी येऊन राह्यले!" बस, एवढंच. कारण जरा मोठं असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

बाजारातलं आधी मोजलं. वस्तीचे चार दिवस मात्र राखून ठेवले — सीतादहीपर्यंत. त्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून वेचणी सुरू झाली, की वस्तीतली बाया-माणसं पहाटेच जीपांत बसून कापूस वेचायला जातात. मला ठाऊक नव्हतं का? त्या जीपा माझ्याच दारावरून जायच्या! रिकाम्या वस्तीत मी नऊ वाजता वही घेऊन उभा. रोज एकच प्रवासी — जुबैदाखाला. गाद्या-रजया शिवणारी म्हातारी, डोक्यावर गाठोडं. वेचणीला वाकणं तिला जमत नव्हतं. चारही दिवस मी 'एक' लिहिलं. आकडा खरा होता. मग खोटं काय होतं — दिवस? की मी?

बस बाजारातून धावली. माझ्या दारासमोर थांबू लागली. वेचणी संपल्यावर अख्खी वस्ती गावात पायीच येत राहिली, खालाही. एका सकाळी गाठोड्यासकट ती नाल्यात घसरली. खुबा मोडला. मांडी घालून बसता येईना, म्हणजे तिचं शिवणंच संपलं.

मी भेटायला गेलो. कबूल करायलाच गेलो होतो — असं वाटतं. की तिला काही कळलंय का, ते पाहायला? कोण जाणे. खाटेवरूनच तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही तं उन्हात उभं राहून मोजलं. आमचेच लोक घरी नव्हते. तुमचा काय कसूर?"

मी म्हणालो, "हो ना, खाला."

मग चहा आला. साखर कमी होती — मी मागून घेतली.