बेलाच्या मापाचं हँडल

क्लेमेंट मेस्त्रींच्या हातचं काही मोडलं, असं माणिकपुरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. १९८४ च्या ऑक्टोबरात ते ऐकावं लागलं, आणि मोडलं तेही नेमकं बेलाच्या फटफटीचं हँडल.

मेस्त्री आमचे शेजारी. त्यांची पत्र्याची शेड आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. माणूस उंच, किडकिडीत. भुवया भट्टीने कायमच्या करपलेल्या. विहिरीचे रहाट, फाटकांच्या बिजागऱ्या, पंपाचे नळ, हाताला येईल ते काम घेत. पण घेताना पहिला प्रश्न एकच : "वापरणार कोण?" वस्तू कुठली हवी, हे त्यानंतर. विळी करून मागायला बाई आली की तिला पाटावर बसवून आधी गुडघ्याची उंची बघायचे. आल्बिनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावरून सुनवायच्या, "बायकांचे गुडघे मोजतो, आणि फादरना वाटतं हा देवमाणूस!"

"अगं, तुझे मोजले म्हणून तर लग्नाला हो म्हणालो," मेस्त्री वर न बघता सांगत.

बेला ही शेजारच्या गास गावातल्या पॉलची मुलगी. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले, डावा हातही जरा कमजोर राहिला. पण मुलगी जिद्दीची. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली आणि माणिकपूरच्या एका शाळेत कारकुनाची जागा मिळवली. रोज तिचा भाऊ लुईस तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून आणी आणि संध्याकाळी नेई. बसची पायरी तिला चढवत नसे. १९७९ मध्ये लुईसला बोटीवर नोकरी लागली. शाळेने सांगितलं, जूनपासून स्वतःची स्वतः येऊ शकलीस तर जागा तुझी, नाहीतर आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल.

जाण्यापूर्वी लुईसने मुंबईत एक जुनी फटफटी घेऊन तिला मागे दोन चाकं बसवून घेतली. गिअर आणि ब्रेक हातानेच चालतील अशी सोय केली, पाठीला टेकू लावला. सगळं झालं, पण हँडल राहिलं मूळचंच : खाली, लांब, कुणा धडधाकट गड्यासाठी केलेलं. बेला टेकूला पाठ लावून बसली की हात पोचेना, आणि हात पोचवायला गेली की पुढे कोसळे.

"सोंग झालंय नुसतं," पॉल मेस्त्रींना म्हणाला. "लुईस गेला बोटीवर आणि हे माझ्या अंगणात टाकून गेला."

मेस्त्री बेलाकडे वळले. "तुला चालवायचंय का?"

"म्हणून तर आले, मेस्त्रीकाका."

"मग सोंग कसलं? हँडलच बदलू."

त्यांनी तिला भिंतीला टेकवून स्टुलावर बसवलं. "डोळे मीट. दोन्ही हात पुढे कर. जिथे दमणार नाहीत, तिथे सोड." बेलाने हात धरले. पाच मिनिटांनी डावा हात आपोआप चार बोटं खाली आला, तेव्हा कुठे त्यांनी दोन्ही मनगटांपासून खांद्यापर्यंत दोरी धरून गाठी मारल्या. डाव्याची गाठ निराळी, उजव्याची निराळी. बैलाच्या शिंगांसारखं मागे वळलेलं, एका बाजूने किंचित उतरतं, असं हँडल त्यांना करायचं होतं. तसलं विकत कुठे मिळणार? पाण्याचा जाड पाइप त्यांनी निवडला.

पाइप नुसता तापवून वाकवला तर वळणावर चेपतो. म्हणून आत रेती ठासून भरतात, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकतात, मग तापवतात. रेती राजोडीच्या किनाऱ्यावरची होती. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात पसरायलाही तीच येते, दुसरी कुणी आणत नाही. आल्बिनाकाकींच्या भाकरीच्या खापरीत मेस्त्री ती भाजत बसले होते. काकी धुसफुसत होत्या, "आता महिनाभर भाकरीत समुद्र चावा!"

मी शेवग्याच्या शेंगा काढायला गेले होते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. सहज विचारलं, "मेस्त्री, रेती धुतली होती का?"

"धुतली तर ओली होईल, विनी. आणि ओली रेती बंद पाइपात तापली तर काय होईल ठाऊक आहे? बॉम्ब! कॉलेजात हे नाही का शिकवलं?"

सगळे हसले. पॉल तर मांडीवर थाप मारून हसला. मीही हसले.

मेस्त्री बोलले ते खोटं नव्हतं. पण मी विचारत होते ते मिठाबद्दल. विहिरीच्या पाण्याने आधी धुवायची, मग भाजायची, एवढंच सांगायचं होतं. लाल होईतो तापलेल्या पाइपावरचा जस्ताचा थर जळून जातो, आत खारी रेती थोडी जरी अडकली तर आमच्या दमट हवेत तिचं मीठ पाइपाला आतून खात राहणार. वाक्य जिभेवर होतं. पण अंगणात चार पुरुष होते, मी नवी सून होते, आणि चुलीवर भात होता. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही पुरेसं नाही.

हँडल बसवायला तीन रविवार लागले. उंच केल्यावर क्लचची तार तोकडी पडली, ती लांब आणवली. मग डावीकडे पूर्ण वळवलं की रेसची तार ताणली जाऊन इंजिन आपोआप गुरगुरू लागे. "वळताना पोरीला घेऊन उडेल हे," म्हणत मेस्त्रींनी तारेची वाट बदलली, पुन्हा वळवलं, पुन्हा बदलली. ब्रेकची मूठ तिच्या बोटांच्या दुसऱ्या पेराला लागेपर्यंत पुढेमागे केली. शेवटी नट आवळून ते पॉलला म्हणाले, "आता घाबरू नकोस. हँडल माझं, जबाबदारी माझी."

बेला अंगणातल्या अंगणात दोन चकरा मारून थांबली. हँडल इकडून तिकडे वळवलं आणि कान लावला.

"मेस्त्रीकाका, यात समुद्र वाजतोय!"

वळणात अडकलेले रेतीचे चार दाणे सरकत होते. मेस्त्रींनी खुंटी काढून ठोकून बघितलं, थोडे पडले, थोडे राहिले. "राहू दे. तेवढंच तुला राजोडीचं वारं," ते म्हणाले. मी ओट्यावर उभी होते. दुसऱ्यांदा गप्प राहिले ती तेव्हा.

पाच वर्षं बेला त्या फटफटीवर आली-गेली. नुसती शाळेतच नाही. एकटीने राजोडीला जाऊन समुद्र बघून आली, मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेली, आईला मागे बसवून चर्चला मिस्साला नेऊ लागली. "मला कुणाला विचारावं लागत नाही," हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी म्हणे. पावसाळ्याआधी मेस्त्री तारांना तेल घालून देत, आणि उगाचच हँडलवर टिचकी मारून बघत. वरून रंग दिलेला पाइप लख्ख होता.

ऑक्टोबरात भातकापणी चालू असताना गासच्या वळणावर हँडलाची डावी बाजू तिच्या हातात आली. फटफटी बांधावर चढून कलंडली. वेग नव्हता म्हणून जीव वाचला. मनगट मोडलं, पुढचा एक दात पडला.

पॉल दोन्ही तुकडे घेऊन मेस्त्रींकडे आला आणि भट्टीजवळ ठेवून उभा राहिला. मेस्त्रींनी पाइपाच्या मोडलेल्या तोंडात करंगळी घातली. तांबडा भुगा निघाला. त्यांनी तो जिभेला लावला.

"खारट," ते म्हणाले.

पॉलने तुकडे उचललेही नाहीत. तसाच परत गेला.

आठ दिवसांत त्यांनी दुसरं हँडल केलं. या वेळी रेती सात पाण्यांनी धुतली आणि शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यापुढे धरलं. "विनी, तू चाख. माझ्या जिभेचा भरवसा नाही राहिला." मी चाखलं. गोडं होतं. तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही तिघं, मेस्त्री, आल्बिनाकाकी आणि मी, एस.टी.ने गासला गेलो. मेस्त्रींनी हँडल गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. पॉलने चहा दिला, हवापाण्याचं विचारलं, झाल्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. हँडल बसवून, तारा लावून, दोन्हीकडे वळवून झाल्यावर बेलाला उचलून बसवलं. तिने मुठी धरल्या.

"माप बरोबर आहे, काका."

"दुखतं का?"

"नाही. पण धरलं की वाटतं, आता सुटणार." तिने मुठी सोडल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा सोडल्या. "मला उतरवा."

"महिनाभराने बघू, पोरी," मेस्त्री म्हणाले.

"महिनाभर शाळा नाही थांबणार," बेला म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. "बाबा शाळेत नाताळपर्यंतची मुदत मागून आले. नाही म्हणाले."

परतीच्या थांब्यावर मेस्त्री बाकावर बसले होते. "पॉलने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले. मला राहवलं नाही.

"मेस्त्री, मिठाचं मला तेव्हाच ठाऊक होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "धुतली का, म्हणून विचारलं होतंस."

"हो."

"आणि मी हसलो."

"हो."

"मग दुसऱ्यांदा बोलायचं होतंस, पोरी. मी हसणारा आहे, बहिरा नाही."

काकींनी तोंड फिरवलं. सांगून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. झालं ते उलटंच. आजवर ते फक्त रेतीला दोष देत होते. त्या दिवसापासून स्वतःच्या हसण्यालाही देऊ लागले.

बेला घरीच शिकवण्या घेऊ लागली. चांगलं शिकवते, मुलं येतात. फटफटी दोन वर्षं पडवीत उभी होती, मग सुट्टीवर आलेल्या लुईसने सुटे भाग करून देऊन टाकली. कुठे जायचं झालं तर बेला आता आधी विचारते, कोण नेणार आहे.

मेस्त्री मात्र बदलले. शेडसमोरून जाणारा कुणीही काही बोलला, अगदी वायफळ काही, तरी ते हातातलं काम थांबवत. "काय म्हणालास? पुन्हा सांग." लोकांना गंमत वाटे. कुणी मुद्दाम सांगे, "मेस्त्री, बिजागरी उलटी लावून बघा." मेस्त्री शांतपणे विचारत, "का बरं? तुला काय दिसतंय?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहत. तोवर चिमट्यातलं लोखंड काळं पडे. ते परत निखाऱ्यांत सारत आणि पहिल्यापासून तापवू लागत.