नवाबाची झूल

माझं लग्न दोनदा झालं. एकदा आमच्या मालकांशी आणि दुसऱ्यांदा नवाबाशी. शालू दोन्ही वेळेला तोच होता.

नवाब म्हणजे आमचा बैल. (आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे भलतंच काहीतरी धरून बसायचे.)

या सगळ्याला कारण शिलाई मशीन. मुलगा आणि सून नोकरीसाठी पुण्याला गेले, तेव्हा सुनेचं पायाचं मशीन आमच्या ओसरीवरच राहिलं. काही दिवस त्याच्यावर कांदे वाळत होते, काही दिवस मांजर झोपत होतं. एका दुपारी मी मांजराला उठवलं, खुर्ची ओढली आणि ठरवलं की आता शिवायचंच. या वयात बायका हातात जपमाळ घेतात, मी पॅडलवर पाय ठेवला. शिकवायला मोबाईलमधली एक ताई होती. ती गोड आवाजात म्हणायची की बघा, किती सोपं आहे, आणि मी चष्मा नाकावर ठेवेपर्यंत तिचा ब्लाऊज शिवून व्हायचा! इकडे माझं चाक उलटं फिरायचं, दोऱ्याचा गुंता व्हायचा आणि सुई ओवता ओवता चहाची वेळ होऊन जायची.

पहिली वस्तू शिवली ती उशीची खोळ. फार सुरेख झाली. चारही बाजूंनी पक्की शिवली. उशी आत घालायला गेले तेव्हा लक्षात आलं, आत जायला वाटच ठेवलेली नाही. मग उसवायला कात्री शोधायला लागले. सगळं घर पालथं घातलं, कात्री काही सापडेना. दमून खोळ उचलली, तर ती जड लागली. कात्री आत होती.

दुसरी वस्तू मालकांची बंडी. मालक ती घालून मोठ्या रुबाबात टेंभुर्णीच्या बाजारात गेले. खिसा मी मजबूत लावला होता, त्यात बिलकुल खोट नव्हती. फक्त तो पाठीवर आला होता. दिवसभर त्यांना तंबाखूची पुडी काढायला ओळखीचा माणूस गाठावा लागला. संध्याकाळी घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून ती बंडी मोटारसायकल पुसायला लागली.

शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ, सुमन. तिनं लग्नाआधी जालन्यात शिवणाचा क्लास केलेला. मशीनवर तिचा डोळा होता, आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नव्हतं. भिंतीपलीकडून माझ्या मशीनचा आवाज ऐकला की ती यायची, खोळ उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची की बाई, मशीन माझ्याकडं द्या, कुणाच्या तरी कामाला येईल. मी हसून वेळ मारून न्यायचे. पण आत कुठंतरी लागायचं. आयुष्यभर भाकरी थापल्या, कापूस वेचला, सगळ्यांनी सांगितलं ते केलं; हे एकच काम असं होतं की जे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अशात पोळा आला. नवाब आणि त्याचा जोडीदार मुनीम, दोघांच्या जुन्या झुली काढल्या, तर उंदरांनी त्यांची पार चाळण करून ठेवलेली. मालक म्हणाले, जालन्याहून तयार झुली आणतो. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, कशाला, मी शिवते की!

मालकांनी चहाची बशी खाली ठेवली. माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर रिपोर्ट वाचून पेशंटकडं बघतात.

"शिव," ते म्हणाले, "पण मंग ऐक. नवाब आन् मुनीम तुझ्या झुली घालून तोरणाखालून गेले आन् झुली अंगावर असताना घरी आले, तर मशीन तुझं. वाटेत झूल गळाली, तर मशीन सुमनच्या घरी."

सुमन नेमकी विरजण मागायला दारात उभी होती. "बराबर हाय," ती म्हणाली. विरजण न घेताच गेली.

आता कापड कोणतं घ्यावं? मी ट्रंक उघडली आणि लग्नातला शालू काढला. लालभडक, जरीची रुंद किनार. घडीवर चिरायला लागला होता, नेसायच्या कामाचा राहिला नव्हता. पण त्याची जर बघाल तर अजून डोळे दिपवील. मालकांना कळलं तेव्हा ते जरा दुखावले. लग्नाचा शालू बैलाच्या अंगावर का, म्हणाले. मी म्हटलं, अवं, लग्न झाल्यापासून तो ट्रंकेतच पडून होता, निदान नवाबाच्या अंगावर तरी मिरवेल. यावर ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. (त्यांनी मला कुठं मिरवायला नेलं होतं म्हणून बोलतील!)

बैलाची झूल कशी शिवायची, हे मोबाईलमधल्या ताईला माहीत नव्हतं. मी डबलबेडच्या चादरीचा व्हिडिओ लावला आणि अंदाजानं निघाले. मुनीम गरीब, त्यानं माप घेऊ दिलं. नवाबानं माप घेऊ दिलं आणि मग टेप खाल्ला. अर्धा मी ओढून काढला. तरी पण काय सांगू, या खेपेला हात बसला होता! शिलाई सरळ आली. आतून जुन्या चादरीचं अस्तर लावलं, कडेनं किनार, चार कोपऱ्यांना गोंडे. सुमन बघायला आली. झूल उलटी केली, टाके बघितले, परत सुलटी केली, आणि काहीच बोलली नाही. सुमन काही बोलली नाही याच्याहून मोठं सर्टिफिकेट आमच्या गावात मिळत नाही.

पोळ्याला लेक आली, तिनं माझ्यासाठी नवी साडी आणली. लाल, जरीकाठाची. म्हणाली, आई, झुलीला मॅचिंग होईल, फोटो छान येतील. इथंच घात झाला.

पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन आणले, शिंगं रंगवली, बेगड लावली. दोघांना पुरणपोळी चारली. मुनीमानं मोजकं खाल्लं. नवाबानं आमच्या घरचं संपवलं, भिंतीपलीकडं मान घालून सुमनच्या घरचंही संपवलं, आणि मग झूल घालून घ्यायला उभा राहिला. मी माप घेतलं होतं ते एका सकाळी, तो उपाशीपोटी असताना. पोटाखालून बांधायचे बंद आता वीतभर कमी पडले!

तिकडं मारुतीपुढं डफडं वाजायला लागलं. मालक म्हणाले, जल्दी कर, बैल जमले. मी पोती शिवायचं दाभण आणलं, सुतळी ओवली, बंदाला जोड लावला आणि नवाबाच्या बाजूला खाली बसून, त्याच्या अंगावरच, झूल आणि बंद धरून टाके घातले. घाईत, घामात, चष्म्यावर वाफ धरलेली. पण घातले असे, की ताईनं बघितलं असतं तर रडली असती. गाठ मारली, सुतळी दातानं तोडली आणि उठले.

मी उठले, पण पदर काही उठेना.

लाल झूल, लाल पदर. याची जर, त्याची जर. मी दोन्ही एकत्रच शिवलं होतं.

मालक पुढं दोन्ही कासरे धरून निघालेसुद्धा.

"अवं, थांबा."

"आता काय राह्यलं?"

"मी राह्यले. झुलीत."

मालकांनी वळून बघितलं. काय झालं ते कळायला त्यांना जरा वेळ लागला. सुमन धावत कात्री घेऊन आली. आणि मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? सुतळी कापली तर बंद सुटणार, बंद सुटला की वेशीपर्यंत झूल टिकत नाही, आणि झूल गळाली की मशीन भिंतीपलीकडं. पदर कापावा, तर लेक समोर उभी, तिच्या साडीची घडीसुद्धा आजच मोडलेली.

"कात्री ठेव," मी म्हटलं. "मी चालते संगं."

"बाई," सुमन म्हणाली, "तिथं बायका लांबून बघतात. बैलांत कुणी जात न्हाई."

"मी कुठं बाई म्हणून चालले? झूल म्हणून चालले."

आणि निघाले. एक हात नवाबाच्या पाठीवर ठेवला, मान ताठ, जसं काही हे आधीपासून ठरलेलंच होतं! नवाब नावाप्रमाणंच चालतो. दर दारापुढं थांबायचा, कुणी काही देतंय का बघायचा, आणि त्याच्याबरोबर मीही थांबायचे. लोकांना वाटलं, काकू दारोदार झूल दाखवत फिरून राह्यल्या. पारावर एकानं विचारलं की सरपंचकी बायकांना सुटली होती, आता पोळाही सुटला काय? मी हसून मान हलवली. दुसरं काही हलवण्यासारखं मोकळं नव्हतं.

वेशीत तोरण लागलेलं, गावचे बैल ओळीनं उभे. आता आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. गुरवकाका मंगलाष्टका म्हणतात, लोक ज्वारीच्या अक्षता टाकतात, मग तोरण तुटतं आणि बैल घराकडं पळतात. हे मी जन्मापासून बघत आले आहे. पण पदर बैलाला बांधलेला, अंगावर लाल साडी, आणि समोर मंगलाष्टका, हे सगळं एकत्र कसं दिसेल याचा विचार माझ्या मनात तिथं पोचेपर्यंत आला नव्हता!

गुरवकाकांनी पहिला सूर लावला, मला बघितलं आणि सूर गिळला.

"वहिनी, तुम्ही कुणीकडून?"

घरापासून इथपर्यंत मालक पुढं बघूनच चालले होते. मला वाटलं, आता शरमेनं मान खाली घालतील. त्यांनी फेटा सारखा केला.

"नवरदेवाकडून," ते म्हणाले. "होऊ द्या सुरू."

सगळी वेस हसली. मग काय विचारता, अक्षता नवाबाला कमी आणि मला जास्त! ज्वारी केसांत, ज्वारी चष्म्यात. मी बाजूला बघितलं, नवाब रवंथ करत उभा होता. पहिल्या लग्नातही नवरदेव असाच सुपारी चघळत दुसरीकडं बघत होता, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही.

मंगलाष्टका संपल्या. तोरण तुटलं. डफडं कडाडलं, फटाके फुटले आणि बैल सुटले! नवाबानं आयुष्यात कधी घाई केली नव्हती, ती सगळी त्या दिवसासाठी राखून ठेवली होती. पहिल्या झटक्याला माझी चप्पल गेली, दुसऱ्याला दुसरी. मी पळत होते असं म्हणणं बरोबर नाही. नवाब पळत होता, मी सोबत येत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं की माझा टाका उसवावा. आणि नेमका तोच उसवला नाही! बाजूनं कुणाच्या तरी बैलाची बाजारातली तयार झूल घसरली, पायांत आली, धुळीत गेली. मी पळता पळता बघितलं, आणि खरं सांगते, पायांत बळ आलं. आमची झूल नवाबाच्या अंगावर होती, आणि मी झुलीच्या अंगावर.

आम्ही तुटलेल्या तोरणाखालून निघालो ते थेट अंगणात येऊन थांबलो. मागून मालक आणि मुनीम शांतपणे चालत आले.

बैल घरी आले की घरच्या बाईनं त्यांच्या पायांवर पाणी घालून ओवाळायचं असतं. घरची बाई तर बैलाबरोबर वरातीत आलेली! शेवटी सुमन ताट घेऊन पुढं झाली. नवाबाच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या पायांवर घातलं, दोघांना ओवाळलं आणि उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"नाव घ्या, बाई. त्याबिगर आत सोडत न्हाई."

मला दम लागला होता, तरी घेतलं.

"जुन्या शालूची झूल केली, टाका घातला पक्का,
नवाबरावांच्या संगं आले, खात खात धक्का."

मालकांनी कात्री घेतली आणि टाका कापायला बसले. सुतळी तुटेना. त्यांनी अंगठ्यानं टाका ओढून बघितला, परत ओढून बघितला, आणि सुमनकडं बघून म्हणाले, "मशीन हितंच राहील." सुमन म्हणाली, राहू द्या, पण दुपारून मी येत जाईन, बाईंना बाही लावायची शिकवायची राह्यली. ती तेव्हापासून येते. एक मशीन, दोन जावा, आणि भांडण फक्त दोऱ्याच्या रंगावरून.

आता पोळा जवळ आला की आसपासच्या गावांतून माणसं बैल घेऊन आमच्या अंगणात माप द्यायला येतात. पोटाला वीतभर जास्त ठेवायचं हे मी आता मोबाईलमधल्या ताईलाही शिकवू शकते. ब्लाऊजचं कापड घेऊन मात्र अजून एकही बाई माझ्याकडं आलेली नाही. सुमन तर नाहीच नाही. माझं सगळं गिऱ्हाईक चार पायांचं. मला त्याचं बिलकुल वाईट वाटत नाही. इतक्या झुली शिवून दिल्या, पण काखेत तंग होतंय म्हणून एकानंही अजून परत आणलेली नाही!