ग्लासाच्या काठावरचं गाजर

ग्लासाच्या काठावर गाजराची उभी फोड अडकवलेली होती, आणि ती कोणी खात नव्हतं. फोड माझ्या हातची होती.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, शनिवारी मित्र येतायत. कॉकटेलला लावायला तिखट लोणचं घरीच करू." दारूबरोबर लोणचं असतं हे मला ठाऊक आहे, पण ते बशीत असतं. शाळा माझी चौथीतच सुटली, तरी लोणच्यातलं मला कोणी शिकवू नये. हा मोबाईलमध्ये बघून ओलीच गाजरं व्हिनेगरमध्ये टाकायला निघाला. मी बरणी काढून घेतली आणि फोडी पंच्यावर पसरून गॅलरीत सुकत घातल्या.

"अहो बाबा, रेसिपीत सुकवायचं लिहिलेलं नाही."

"मग रेसिपीवाल्याचं लोणचं मऊ पडलं असेल."

मोहरी मीच कुटली, मिरच्या मीच चिरल्या. चार दिवस बरणीला कोणाला हात लावू दिला नाही.

शनिवारी पाहुण्यांनी ग्लासांचे फोटो काढले, फोडी काढून बाजूला ठेवल्या आणि नुसतंच प्यायले. "अंकल, मस्त दिसतंय." लोणचं काय दिसायला करतात? तेवढ्यात ध्यानात आलं, सुनेने मलाही इस्त्रीचा शर्ट घालायला लावून दाराजवळच्या खुर्चीत बसवलंय. येणारा नमस्कार करतो आणि पुढे जातो.

पुढच्या वेळी मिरच्या दुप्पट घालणार आहे. बघणाऱ्याने खुशाल बघावं. पण एकाने जरी फोड चावली, तरी ठसका आवरत त्याने विचारलं पाहिजे, हे केलं कोणी म्हणून.